तांडेलाचा उजवा हात

तांडेलाच्या तोंडात नकार नव्हता. कुणी काही विचारलं की तो मान जराशी तिरकी करी, एकदा समुद्राकडे बघून घेई आणि म्हणे, "जमतला." वारा उलटा आहे आणि बोटीला पडाव लावायचा आहे, जमतला. लग्नाच्या वऱ्हाडाची पितळी भांडी आणि वऱ्हाड एकाच खेपेत न्यायचं आहे, जमतला. मयताला खांदा द्यायला माणूस कमी आहे, तरी जमतला. त्याचं नाव भिवा, पण मालवणच्या बंदरावर त्याला सगळे 'जमतला तांडेल' म्हणत. मी वकील माणूस. माझ्या दारात येणारा प्रत्येक जण आपल्याला काय जमलं नाही तेच सांगायला येई, त्यामुळे असला मनुष्य माझ्या नशिबी अशील म्हणून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या काळी मुंबईची बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, बकऱ्या, सगळं पडावातून ये-जा करी. पडाव म्हणजे रुंद पोटाची मोठी होडी आणि त्यावरचा मुख्य तो तांडेल. मी कायद्याची परीक्षा पास होऊन परत आलो तेव्हा बोटीच्या शिडीवरून मला त्यानेच उतरवून घेतलं होतं. पडाव खाली जाई, वर येई, आणि माझ्या नव्या बुटांना काही केल्या तो सापडेना. तेवढ्यात मनगटाला एक खरखरीत पकड बसली आणि मी पडावात होतो. घाबरलो होतो हे मी कुणाला कळू दिलं नाही. त्याला कळलं होतं, पण त्याने लगेच पुढच्या माणसाकडे हात केला.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, बोटींचा हंगाम संपत आला असताना, त्याच शिडीखाली त्याचा हात गेला. गाठोडं घेतलेली एक म्हातारी उतरत होती. डाव्या हातात बोटीची दोरी, उजव्याने म्हातारीला आत ओढलं, आणि त्याच क्षणी लाट येऊन पडाव बोटीच्या अंगावर आदळला. उजवा पंजा मध्ये सापडला. म्हातारीला खरचटलंसुद्धा नाही. हाताला पंचा गुंडाळून तांडेलाने पडाव धक्क्यापर्यंत आणला. वाटेत कुणी तरी सुकाणू मागितलं, तेव्हाही त्याने जमतला म्हणून सांगितलं.

हात राहिला, पण नावापुरता. बोटं वाळलेल्या शेंगांसारखी आत वळली आणि पुन्हा उघडली नाहीत. पडाव चालवणाऱ्या कंपनीने पुढच्या हंगामात दुसरा तांडेल नेमला. काथ्या वळायला दोन तळवे लागतात, जाळं ओढायला दोन हात लागतात. त्याची बायको काशीबाय दुसऱ्याच्या मांगरात, म्हणजे वाडीतल्या खोपटात, सकाळपासून काथ्या वळायला जाऊ लागली. तिचे तळहात चिरून त्यांत रक्त दिसे आणि तांडेल ते बघत ओट्यावर बसून राही. कामावर अपंग झालेल्या माणसाला कंपनीने भरपाई द्यावी असा कायदा होता. मी आपण होऊन अर्ज केला. पैशांसाठी तांडेल माझ्या मागे कधीच लागला नाही. त्याला काशीबायचे हात थांबवायचे होते, एवढंच तो एकदा बोलला.

त्याची दुसरी सवय म्हणजे कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही. माझ्याकडे कागदावर अंगठा द्यायला येई तेव्हा काखेत भोपळा नाही तर पानात गुंडाळलेले बांगडे असत. मी रागावलो की म्हणे, "सायबानू, देवळात जाताना नारळ नेतत मा? मगे?" मी देव नव्हतो आणि माझं ऑफिस देऊळ नव्हतं, पण बांगडे ताजे असत. ही सवय मी हसून घेतली, आणि माझ्या वकिलीतली सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली.

कंपनीने त्याला आपल्या डॉक्टरकडे तपासायला बोलावलं. डॉक्टरांचा बंगला टेकाडावर होता. तांडेल वेळेवर गेला आणि जाताना भला मोठा कापा फणस घेऊन गेला. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं: हाताला दुखापत आहे, परंतु इसम जड फणस स्वतः खांद्यावर घेऊन चढण चढून आला, सबब कामास योग्य.

जिल्ह्याच्या कोर्टात हा दाखला वाचला गेला तेव्हा फणसाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. कंपनीच्या वकिलाने फार कष्ट घेतले नाहीत.

"फणस तुम्हीच नेलात?"

"व्हय."

"खांद्यावरून?"

"व्हय."

"मग पडावावरचं कामही जमेल की!"

तांडेलाने मान तिरकी केली. समुद्र दिसत नव्हता, म्हणून खिडकीबाहेरच्या वडाकडे बघितलं. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. "जमतला," तो म्हणाला.

अर्ज नामंजूर झाला. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर नको तेवढा ओरडलो. माझ्या दुप्पट वयाचा माणूस खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चार मानसांत नाय कसा म्हणाचा, सायबानू?" मला त्याचा राग आला होता आणि स्वतःचा त्याहून जास्त. फणस नेलात का, हे अशिलाला विचारायचं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण मी मालवणचा होतो, मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी काशीबाय माझ्या दारात आली. तीही रिकाम्या हाताने आली नव्हती, पदरात चार कोकमं होती. पायरीवर उभी राहूनच बोलली. "पणस माझ्या डोक्यार होतो, सायबानू. घराकडसून फाटकापर्यंत मियांच हाडलंय. फाटकात तेंनी खांद्यार घेतल्यानी. म्हणाले, बायलेच्या डोक्यार भारो आणि घोव मोकळो, डॉक्टराक काय दिसात?" म्हणजे टेकाडाची सगळी चढण तिची, आणि फाटकापासून ओटीपर्यंतची दहा-बारा पावलं त्याची, तीही डाव्या खांद्यावरून. डॉक्टरला फक्त ती पावलं दिसली.

आम्ही वरच्या कोर्टात अपील केलं. अपील पडून राहिलं, मधे मुंबई राज्याचं महाराष्ट्र राज्य झालं, कागदांवरचे शिक्के बदलले, काशीबायचा काथ्या चालूच होता. शेवटी एक दिवस मुंबईहून निकालाची नक्कल आली. एका फणसावरून माणसाची कुवत ठरवता येत नाही, अर्जदाराला त्याच्या कामाबद्दल नीट विचारलेलंच नाही, सबब दावा पुन्हा ऐकावा, असा हुकूम होता. मी तो वाचून घरात एकटाच मोठ्याने हसलो.

काशीबायची साक्ष घ्यायची असं मी ठरवलं होतं. तांडेलाने आयुष्यात पहिल्यांदा मला अडवलं. "तिका कोर्टात उभी करू नकात. काय ता माका विचारा." मग तुम्हीच सांगा, मी म्हटलं, एकदा, फक्त एकदा, जमाचा नाय म्हणा. मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. शब्द ओठांपर्यंत येई आणि तो खोकून तंबाखूची पिशवी चाचपू लागे.

तारखेसाठी आम्ही बोटीने रत्नागिरीच्या कोर्टाला निघालो. पडाव त्याचाच जुना, तांडेल नवा. बोटीपाशी पोचल्यावर सगळे शिडी चढले आणि हा खाली राहिला. डाव्या हाताने दोर पकडला, उजवं कोपर शिडीत अडकवलं, एक पायरी चढला आणि घसरला. नव्या तांडेलाने खालून आणि खलाशाने वरून धरून त्याला बोटीवर घेतलं. हजार माणसांना त्या शिडीवरून उतरवलेला माणूस गाठोड्यासारखा वर आला. रत्नागिरी येईपर्यंत तो कठड्यापाशी पाठ करून उभा होता. मी जवळ गेलो नाही.

कोर्टात न्यायाधीश नवे होते, मितभाषी. कंपनीच्या वकिलाने पुन्हा फणस काढला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं, आणि आपल्या समोरच्या कागदांच्या गठ्ठ्याची दोरी सोडून ती साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवायला सांगितली. "हिची गाठ मारून दाखवा."

तांडेलाने दोरीचं एक टोक दातात धरलं, डाव्या हाताने दुसरं फिरवलं, ओढलं. पक्की गाठ बसली. कंपनीचा वकील माझ्याकडे बघून हसला. मी डोळे मिटून घेतले. चार वर्षांचं काम त्या दोन वितींच्या दोरीत संपलं असं मला वाटलं.

"जमलं की," न्यायाधीश म्हणाले. "मग पडावावर अडचण काय?"

या वेळी तांडेलाने खिडकीकडे पाहिलं नाही. मग त्याने पंच्याखाली झाकलेला उजवा हात बाहेर काढला. तो चार माणसांत कधी दाखवत नसे.

"सायबानू, गाठ जमली. पण शिडयेखाली तांडेलाक एक हात दोरयेक लागता आणि एक हात मानसाक. माझो एकच हात उरलो. दोरी धरलंय तर मानूस सुटतलो, मानूस धरलंय तर पडाव जातलो. म्हातारी मानसा उतरतत, पोरा घेवन बायला उतरतत. तेंका हात देवक..." तो थांबला. "माका जमाचा नाय."

लिहून घेणाऱ्या कारकुनाने मान वर केली. कंपनीच्या वकिलाने आणखी प्रश्न विचारले नाहीत.

निकाल आमच्या बाजूने लागला. नक्कल घेऊन मी त्याच्या घरी गेलो, त्या दिवशी मीही नारळ नेला होता. काशीबाय रडली. तांडेलाने विचारलं, "माझ्याविषयी काय लिवलाहा?" मी वाचलं, अर्जदार आपल्या कामास कायमचा असमर्थ आहे. त्याने ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग तो उठून मागच्या पडवीत गेला. आपण दावा जिंकला की त्या माणसाकडून काही काढून घेतलं, हे मला त्या वेळी कळेना, आणि खरं सांगायचं तर अजून नीट कळलेलं नाही.

काशीबायने काथ्या सोडला. आणि तांडेल पुन्हा बंदरावर दिसू लागला. ओहोटी असली की पडाव धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत येत नसे, उतारूंना गुडघाभर पाण्यात उतरावं लागे. बोटीच्या दिवशी हा धोतर खोचून तिथे उभा राही आणि डावा हात पुढे करी. म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, सगळे तो हात धरून उतरत. मी घाबरलो. कंपनीने पाहिलं तर काय म्हणेल, असं त्याला बजावलं. "बघूंदेत," तो म्हणाला. "हय दोरी धरूची नाय, पाय जमिनीर आसत. एक हात पुरे." कितीतरी वर्षं, मुंबईहून येताना प्रत्येक वेळी, मीही तोच हात धरून उतरलो. उजव्याइतकाच खरखरीत होता.

तो गेला तेव्हा मी मुंबईत होतो, एका कामासाठी. पत्र मिळालं तेव्हा दहावा होऊन गेला होता. परत आलो ती ओहोटीची वेळ होती. पडाव थांबला, पुढचे उतारू उतरले, माझी पाळी आली आणि सवयीने मी हात पुढे केला. खाली नुसतं पाणी होतं. मी तसाच हात पुढे धरून उभा राहिलो, मागची माणसं खोळंबली. पडावावरच्या खलाशाला ते समजलं असावं. त्याने हळूच विचारलं, "सायबानू, जमात मा?"

"जमतला," मी म्हटलं, आणि पाण्यात उतरलो.