राखून ठेवलेला एक

पोखरणला स्फोट झाले त्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांनी धसईच्या बाजारात पेढे वाटले. मग सीमेपलीकडच्यांनीही उडवले, तेव्हा म्हाताऱ्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. टपरीवरचा पेपर वाचून यायचे आणि मला, नव्या सुनेला, शिकवायचे, "अमेरिका नि रशिया बॉम्ब मोडायच्या सह्या करतात गो, पण घरात राखून ठेवतातच. जो समदे देल तो येडा."

त्यांचे स्वतःचे बॉम्ब रानडुकरांसाठी होते. भात पिकायला लागलं की डुकरं शेत लोळवून टाकत, म्हणून पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब लपवून बांधावर ठेवायचा. डुकराने चावला की फुटायचा. शेजारचं शेत सासऱ्यांच्या चुलतभावाचं. यांनी चार ठेवले की ते सहा ठेवत. डुकरं मेली असतील दोन, बाकी सगळी खुन्नस भावाभावांची. गोळे मी मळायची, तांदळाचं पीठ आणि गूळ. तसाच एक साधा गोळा रोज संध्याकाळी माझ्या गाईला भरवायची. ती माहेरून आंदण आलेली, पहिलारू, गाभण. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं.

दिवाळीच्या आधी गावातल्या एकाचा कुत्रा बॉम्ब फुटून मेला आणि गाव बैठकीला बसलं. दोघा भावांनी गावदेवीपुढे नारळावर हात ठेवून शपथ घेतली, बॉम्ब आणून ओढ्याच्या डोहात बुडवले. घरी येताना सासरे गालातल्या गालात हसले. एक राखलाय, हे मला कळलं. कुठे, ते विचारलं नाही. नव्या सुनेने विचारू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाही बरं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी गाय चरून येताना आमच्याच बांधावर थांबली. आवाज ऐकून मी धावले. तिचा खालचा जबडा नव्हता. जीभ लोंबत होती, आणि मला बघून ती रोजच्यासारखी पुढे आली.

चुलतसासरे धापा टाकत आले. लांबूनच ओरडले, "देवीची आण, आमचा नाय हा! आमचा आंब्याच्या बुंध्याशी हाय, जागेवर!"

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "बघ! मी बोललो व्हतो ना, ह्यानं राखलाच असंल!"

गाय दोन दिवस जगली. पाणी पाजलं की मानेवरून ओघळून जायचं. पोटातलं वासरू हलताना दिसायचं. त्या दोन दिवसांत मी सासऱ्यांचा जेवढा द्वेष केला तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही.

तिला ओढून नेलं त्या दुपारी ते ओट्यावर येऊन म्हणाले, "गो सूनबाय, त्यांच्याकडं अजून एक हाय. आपल्याकडं काय राहिलं? सांजच्याला नवा आणतो."

मी उठले. पीठ काढलं, गूळ चिरला आणि मळायला बसले. या खेपेला गूळ जास्त घातला. चुलतसासऱ्यांचा बैल गोडाला सोकावलेला होता.