तोंडवलीचा तापणारा जॉइंट

वायरमनच्या खिशात टेस्टर एक आणि किस्से पन्नास. टेस्टर हरवतो, किस्से वाढतच जातात. माझे आणि माझ्या पार्टनरचे, धामापूरच्या बाबीचे, निम्मे किस्से तोंडवलीच्या खतीजाचाचीच्या एकाच खोलीतले आहेत. चाचा गेल्यापासून ती खोली पर्यटकांना देऊन चाची घर चालवते. भिंतीतली जुनी वायर ॲल्युमिनियमची, नव्या एसीची तांब्याची. बाबीने दोन्हींना पीळ मारला आणि वर टेप गुंडाळली. आठवड्यात टेप वितळली.

*

"तार तापता कित्याक?" चाचीने विचारलं.

मी म्हटलं, "चाची, तांबा आणि ॲल्युमिनियम थेट जोडूचा नसता. खारो वारो लागलो की मधी पूड धरता, जॉइंट ढिलो होता, मगे तापता."

"मगे जोडलास कित्याक?"

मी बाबीकडे पाहिलं. बाबी पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

*

बाबीचं म्हणणं, खारा वारा अडवला की झालं. आमच्याकडे होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, पाणी शिरत नाही. त्याने जॉइंटला तेच चोपडलं.

दुसऱ्या दिवशी एसी लावला आणि वाडीभर काजू भाजल्याचा वास. शेजारीण ताट घेऊनच आली. "खंय भाजतास गो?"

चाची म्हणाली, "भिंतीत."

*

मग मालवणच्या दुकानात गेलो. दुकानदार एक सांगे, काउंटरवरची चार गिऱ्हाइकं चार सांगत. मान हलवत सगळंच थोडं थोडं घेतलं. चाचीच्या ओटीवर पिशवी उपडी केली आणि कशाचं काय, दोघांनाही आठवेना.

चाची बांगडे साफ करत होती. "रे, तांब्याच्या टोपात सोलकढी केलंय तर?"

"कळकतली, खराब होतली."

"मगे टोपाक काय करतत?"

"कल्हई."

"मगे ह्या पसाऱ्यात कल्हई केल्लो कोण आसा, तो बघा."

होता की! कथिलाचा मुलामा दिलेला कनेक्टर. जळकी टोकं छाटली, ॲल्युमिनियम घासून पेस्ट लावली. प्रत्येक तार आपल्या भोकात, आपल्या स्क्रूखाली. एकीचा दुसरीला स्पर्श नाही. पंधरा वर्षं धंदा करून हे आम्हाला मासे कापता कापता कळलं, आणि तेही चाचीने कापलेले.

*

काम झालं, तरी चाची खोली देईना. "सुट्टीत पुण्याचे पावणे पोरांबाळांसकट येतले. भिंतीन पेट घेतल्यान तर?"

तिचं माहेर होड्या बांधणाऱ्यांचं. तिकडे नवी होडी दर्यात घातली की बांधणारा पहिला बसतो. जेवण झाल्यावर तिने आम्हा दोघांना खोलीत घातलं, एसी लावला. "आता तुमी झोपा."

आम्ही आडवे पडलो. डोळे जॉइंटच्या डब्यावर. दोन तासांनी तिने दार उघडलं.

"झोप लागली?"

"नाय."

"मगे लोकांच्या पोरांका कशी लागतली?"

दुसऱ्या दिवशी एसी बंद करून स्क्रू पुन्हा तपासले, पाव आटा आवळले आणि पुन्हा आडवे झालो. नाही. तिसऱ्या दिवशी सुरमई खाऊनसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी बाबी घोरला.

मी त्याला हलवायला गेलो, तर चाचीने दारातूनच मला गप्प केलं. पुण्याला फोन लावला, पाय न वाजवता आत आली, फोन बाबीच्या तोंडाजवळ धरला आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "ऐका. आता या."