दरयावाला

दरयावाल्याला छपराखाली बसवत नसे. रजेवर आला की भर वैशाखातही तो ताट घेऊन अंगणात जायचा. हा माझा थोरला भाऊ. लढाईच्या वर्षांत आरमारात भरती झाला म्हणून आमच्या वरवट बकाल गावात त्याला हे नाव पडलं. त्याचं बाहेर जेवणं मायच्या जिवाला लागायचं.

"काऊन रे, घर खाऊन राह्यलं काय तुले?"

"तसं नाही वं माय. काम चालू असलं की आमच्या जहाजात खाली कोनी थांबत नाही. धडाका झाला तं खालचा मानूस वर येत नाही. तेच आंगवळणी पडलं."

त्याचं जहाज सुरुंग काढण्याचं होतं. वांग्याच्या वाफ्यात दोरी ओढून त्यानं ते मला आणि मायला समजावलं. समुद्राच्या तळाशी जड वजन, त्याला साखळीनं बांधलेला सुरुंग पाण्याखाली लपलेला. जहाज लहान, पाण्यात फार खोल न बसणारं, म्हणजे सुरुंगाला न लागता वरून निघून जावं. मागे तिरपी सोडलेली दातेरी तार साखळी कापते, सुरुंग वर येतो, मग तो बंदुकीनं फोडायचा. मोठी जहाजं त्या वाटेनं निर्धास्त येतात.

मायनं दोरीचं टोक हातात धरून विचारलं, "आन् तुमच्या पुढं कोन असते?"

दादा वाफ्यातली माती सारखी करत राहिला. "आमच्या पुढं कोनी नसते, माय."

तेव्हापासून मायचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पत्रं मी वाचायची, कारण चौथीपर्यंत शिकलेली घरात मीच. मधल्या ओळी सरकारी शाईनं काळ्या केलेल्या असत. "त्याच्या खाली काय लिवलं?" माय विचारायची. "हवापाणी," मी सांगायची, आणि नंतर कागद उन्हात धरून ती अक्षरं शोधत बसायची.

लढाई संपली. शेजारच्या सोनाळा गावचे दोघे पलटणीतून परत आले. दादाचं मात्र पत्रच आलं: "लढाई सरली हे सुरुंगायले कोनी सांगतलं नाही. ते अजून तिथंच हायेत. थोडे दिवस लागतीन." मायनं ते तीनदा वाचायला लावलं. मग दोन महिने काहीच नाही. टपालवाला दिसला की मी दारात जाऊन उभी राहायची, आणि तो न थांबता पुढे गेला तरी तिथंच उभी असायची.

शेवटी सरकारी तार आली: दादा गेला. पावसाळा सरल्यावर दादाचा जहाजावरचा जोडीदार घर विचारत आला. कोकणातला, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. त्या दातेरी तारेत अडकलेला सुरुंग जहाजाच्या मागच्या टोकाशी आला होता, त्यानं सांगितलं. दादानं सगळ्यांना पुढे पिटाळलं आणि तार तोडायला स्वतः थांबला. तार तुटण्याआधी सुरुंग फुटला.

मायचं रडून झालं होतं. तिनं एवढंच विचारलं, "मंग तो रस्ता साफ झाला काय?"

"झाला, आई. दुसऱ्याच दिवशी तिथून मोठं जहाज गेलं. शिपाई होते त्यात. घरी चालले होते."

मायनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मग म्हणाली, "त्यायच्या मायायले हे मालूम असन काय, बापू?"

त्यानं नुसती मान हलवली. नाही.