मामांची काच आणि मामींचं वाण

जगात काचेला जपणारी माणसं पुष्कळ असतील, पण काचेपायी घरच्या माणसांना इतका धाक लावणारा माणूस माझ्या नवऱ्याच्या, इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या मामांखेरीज दुसरा झालेला नाही. मामा वेअरहाऊसमधून मॅनेजर म्हणून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून इटालियन झाले. म्हणजे इटलीला गेले असं नव्हे. व्हेनिसजवळच्या त्या मुरानो बेटावर त्यांनी आजवर पाऊल ठेवलेलं नाही, ‘फार गर्दी असते’ म्हणून. पण पन्नास-साठच्या दशकात तिथल्या कुठल्या काचेच्या भट्टीवरचा डिझायनर कोणाशी भांडून पलीकडे गेला, हे भाऊबंदकीच्या तपशिलासकट सांगतील. “तापलेली काच एका रंगात बुडवायची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आतला रंग बाहेरच्यातून दिसला पाहिजे. हे भांडं नव्हे गं, शिल्प आहे!” असं म्हणून ते जे समोर धरतात ते, खरं सांगायचं तर, मला घट्ट झालेल्या जेलीसारखं दिसतं.

दर रविवारी सकाळी कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजाराला, टॉर्च आणि भिंग घेऊन जायचं, प्रत्येक वस्तू उलटी करून बूड निरखायचं, नखानं टिचकी मारायची आणि विकणाऱ्या गोऱ्यालाच तासभर लेक्चर द्यायचं. या वस्तूंवर सही क्वचितच असते. कागदी लेबल असतं, तेही निघून जातं. “लेबल गळतं, घराणं गळत नाही,” हे मामांचं लाडकं वाक्य. घरातले नियम तर विचारू नका. कुकरची पहिली शिट्टी झाली की मामा धावत जाऊन फुलदाणी धरून उभे. मिक्सर गॅरेजमध्ये, बिचाऱ्या मामी कडाक्याच्या थंडीत कोट घालून चटणी वाटतात! लहान मुलं आली की फर्मान सुटतं, “हात खिशात!” माझ्या धाकटीच्या फ्रॉकला खिसेच नव्हते, तर तिला पोर्चमध्ये उभं केलं. तेव्हा मी मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा घरात मामींनी यंदा अकरा वर्षांनी संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. मामा सकाळच्या सेलवरून परतले तोच त्यांना बळेबळे लायब्ररीत धाडलं. वाणाला मामींनी पाउंड शॉपमधून स्वस्तातल्या काचेच्या वाट्या आणल्या होत्या. त्या पेपरात गुंडाळून मी हॉलमधल्या टेबलावर मांडल्या. बायका अपेक्षेपेक्षा जास्त आल्या आणि वाट्या संपल्या. कोपऱ्यात एक आजी राहिल्या होत्या, ग्लासगोहून डॉक्टर मुलाबरोबर पाहुण्या आलेल्या. टेबलाखाली पेपरात गुंडाळलेलं एक पुडकं दिसलं. जरा जड लागलं खरं, पण घाईत कोण बघतंय! दिलं आजींच्या हातात.

संध्याकाळी मामा टेबलाखाली वाकले आणि ‘पुडकं कुठंय?’ म्हणून ओरडले; मी ते आजींना दिल्याचं सांगून टाकलं. रिटायर झाल्यापासून ज्याच्या मागावर होते ते, बाहेरून निळं नि आतून मधाच्या रंगाचं वाडगं त्यांना त्याच सकाळी सापडलं होतं आणि लायब्ररीत जायच्या घाईत त्यांनी ते टेबलाखाली ठेवलं होतं.

“अगं, काय दिलंस तू!”

“वाण...”

“माझा जीव दिलास!”

मामी शांतपणे म्हणाल्या, “अहो, दिलेलं वाण परत मागत नाहीत. सांगून ठेवते.”

मामा कुठले ऐकायला! शनिवारी बबलरॅपची गुंडाळी काखेत मारून ते ग्लासगोच्या ट्रेनमध्ये बसले, आणि गुन्हेगार म्हणून शेजारी मी.

आजींनी कौतुकानं चहा केला. वाडगं खिडकीत होतं आणि त्यात चक्क तिळाचे लाडू. मामांचा चेहरा बघवेना. ते तोंड उघडणार, तेवढ्यात आजींनी माझा हात धरला. “आमचे हे गेल्यापासून मला कुणी वाण देत नाही गं. नऊ वर्षं झाली. बायका पुढे होतात, मी आपली भिंतीशी बसते. तू मात्र काही न विचारता हातात दिलंस.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

मामा उठले. लाडू बशीत काढून ठेवले, वाडगं उजेडाकडे धरलं, सवयीनं टिचकी मारली.

“मावशी,” ते म्हणाले, “खिडकीतच ठेवा, पण रोज थोडं फिरवत जा. ऊन आतल्या पिवळ्यापर्यंत पोचलं पाहिजे.” आणि बबलरॅपची गुंडाळी आजींच्या मांडीवर ठेवली. “घर कधी बदललंत तर यात गुंडाळा. नुसत्या पेपरात नको.”

परतीच्या ट्रेनमध्ये मी भीत भीत विचारलं, “मामा, वाईट वाटतंय का हो?”

“वाटणारच! दगड आहे का मी?” असं खेकसून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून दर रविवारी ते आजींना फोन करून ऊन पडलं का विचारतात. हिवाळ्यात ग्लासगोला कुठलं आलंय ऊन! पण आजी खुशाल सांगतात, “पडलं हो, अगदी आतपर्यंत पडलं.” आणि नकली काच शंभर पावलांवरून ओळखणारा हा माणूस फोन ठेवून दिवसभर खुशीत असतो.