जूराकानची आसवं

नारीन गावाच्या पंचक्रोशीत कुणी गेलं की विलाप गायला जूराकानलाच बोलावणं यायचं. गेलेल्याचं नाव घेऊन तिने सूर लावला की दगडालाही पाझर फुटायचा. नेम एकच: जिवंत माणसाचं नाव विलापात घ्यायचं नाही. घेतलं, तर ते माणूस गेलंच म्हणून समजायचं.

आज दवाखान्यात मात्र तिची बोबडी वळली होती. तिची आई छातीतल्या गाठीनेच गेली होती. नर्सने जूराकानच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि थोरल्या बाईला म्हणतात तसं 'अपा' म्हणत समजावलं.

"सुई नाही, काही नाही, अपा. गाठ हाताला लागायच्या आधीच आसवांतून काही कळतं का, ते बघतोय."

पट्टी कोरडी ठणठणीत.

"लोकांच्या मयताला घागरी भरता," सोबत आलेली सून म्हणाली, "आणि आज थेंबाला महाग?"

"गप गं सटवे! कुणी मेल्याशिवाय रडू कसं येईल मला?"

"मग गा की थोडंसं," नर्स म्हणाली.

जूराकानने डोळे मिटले, सवयीने सूर लावला, नाव घेतलं, आणि आसवं घळाघळा वाहू लागली.

"झालं, अपा!" नर्स हसली.

सून पांढरीफटक पडली होती. जूराकानने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. सुरात आलेलं नाव तिचं स्वतःचंच होतं.