खालीचा अर्थ

दुर्गाघाटाजवळच्या पाठशाळेत दिनानाथशास्त्री पस्तीस वर्षं व्याकरण शिकवत होते. घरीही शिकवत. घरी विद्यार्थिनी एकच, त्यांची बायको सुनीती, आणि धडाही एकच. लग्न होऊन ती नाशकाहून काशीला आली आणि पाच-सात वर्षांत तिच्या मराठीत गल्लीतली हिंदी झिरपली. डबा संपला की 'डबा खाली झाला' असं ती म्हणे. शास्त्रीबुवा पोथीतून मान वर न करता सांगत, "रिकामा झाला. खाली म्हणजे जे वर नाही ते." सुनीती 'बरं' म्हणे. हे अडतीस वर्षं चाललं. तिने ते मनावर घेतलं की नुसतं 'बरं' म्हटलं, हे तपासायची वेळ कधी आली नव्हती.

ती आली १९९५ च्या पौषात, सुनीती गेल्यावर.

ती गेली तेव्हा शास्त्रीबुवा औषध आणायला बाहेर पडले होते. जवळ होती मुलगी स्वरदा, लखनौच्या बँकेतून रजा टाकून आलेली. आईने शेवटचं काय सांगितलं ते तिने नंतर वडिलांना सांगितलं. अस्थी खाली सोडा, म्हणाली. शास्त्रीबुवांना यात मुद्दाम सांगण्यासारखं काही दिसलं नाही. घराच्या खाली घाट, घाटाच्या खाली गंगा. काशीत माणूस आणखी कुठे सोडणार?

पण स्वरदाच्या मते त्याचा अर्थ वेगळा होता. पुराचं पाणी ओसरलं की रामनगरच्या अलीकडे, गंगेच्या मधोमध, रेतीचं एक बेट वर येतं. तिच्या लहानपणी रामनगरहून परतताना त्यांची नाव तिथे रुतून बसली होती. तासभर सगळे नावाड्याशी हुज्जत घालत होते, आणि आई एकटीच पार टोकाला जाऊन बसली होती. निघायची वेळ झाली तरी तिला तीनदा हाका माराव्या लागल्या. घरात महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू बारा महिने असत. एक पंगत उठली की दुसरीची पानं मांडायची.

"आईला खाली जागा हवी होती, बाबा. जिथे कोणी नाही अशी."

"तिला मराठी येत होती," बाबा म्हणाले.

पुढे भांडण असं झालंच नाही. दोघांनाही रडू येत नव्हतं, मग भांडायला जोर कुठून येणार? शास्त्रीबुवा रात्रंदिवस त्या एका शब्दाचा विचार करत राहिले. आपण बायकोचा विचार करायला हवा, हे त्यांना कळत होतं. पण शब्दाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. खाली म्हणजे खालीच असेल, तर ती आपलं ऐकत होती. रिकामं असेल, तर अडतीस वर्षं आपण भिंतीला शिकवलं.

नवव्या दिवशी सकाळी 'जागा तरी बघून येऊ' असं म्हणून त्यांनी कलश घेतला, स्वरदाला बरोबर घेतलं आणि लल्लन मल्लाहाची नाव ठरवली. बेट प्रवाहाच्या वरच्या अंगाला. म्हणजे 'खाली' जायला दोन-अडीच तास वर वल्हवत जायचं होतं. ही विसंगती शास्त्रीबुवांच्या लगेच ध्यानात आली, पण त्यांनी ती बोलून दाखवली नाही. वाटेत मणिकर्णिकेवरच्या चितांचा धूर त्यांच्या डोळ्यांत गेला. बघणाऱ्याला वाटलं असतं, रडून डोळ्यांना पाणी आलं. ते धुराचंच होतं.

लल्लनने नाव रेतीला टेकवली. "देख लीजिए पंडितजी," तो म्हणाला. "न मंदिर, न पंडा, न चाय."

खरंच काही नव्हतं. घट्ट, थंड रेती, झाऊची चार झुडपं, पाखरांच्या पावलांच्या ओळी आणि पुराबरोबर आलेली एक चप्पल. दोघं टोकापर्यंत चालत गेली. काहीतरी वाटेल म्हणून शास्त्रीबुवा थोडे थांबले. पाय गार पडले, एवढंच. मग नऊ दिवसांत न विचारलेली गोष्ट त्यांनी विचारली.

"ती नेमकं काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांग."

"'मला खालीत सोडा', असं म्हणाली."

"खालीत?"

"हो."

"घरी तू 'खाली' सांगितलंस."

"'खालीत' म्हटलं असतं तर तुम्ही सुधारलं असतंत. म्हणून मीच सुधारून सांगितलं."

"पण 'त' होता?"

"'त' होता, बाबा."

शास्त्रीबुवा पाण्याकडे बघत राहिले. 'खाली' अव्यय, त्याला 'त' लागत नाही. मराठीत 'खालीत' असा शब्दच नाही. तो सुनीतीचा होता, आणि त्याचा अर्थ एकच होऊ शकत होता. 'रिकाम्यात' असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण ज्या बाईला ते सांगायचं, ती कलशात होती. आणि तिने ते कधीच ऐकलेलं नव्हतं, हे आता सिद्ध झालं होतं. आपल्याला राग येईल असं त्यांना वाटलं होतं. तोही आला नाही.

धोतर खोचून ते गुडघाभर पाण्यात उतरले, मंत्र म्हटले, एकही स्वर चुकू दिला नाही, आणि कलश उलटा केला. अस्थी बुडाल्या. राख थोडा वेळ त्यांच्या पायांभोवती घोटाळली आणि धारेला लागली.

"हे पाणी आपल्याच घाटावरून जाणार ना?" स्वरदाने काठावरून विचारलं.

"जाणार."

"म्हणजे आई घरावरूनच जाणार."

"जाईल," शास्त्रीबुवा म्हणाले. "थांबायची नाही."

लल्लनने वल्हं उचललं आणि निघायचं का म्हणून विचारलं. परतीला धारेची साथ, वर दोन वल्ही. नाव राखेच्या आधी घाटाला लागली असती. शास्त्रीबुवांनी हातानेच त्याला थांबवलं. तिला पुढे जाऊ द्यावं, एवढंच त्यांना त्या वेळी सुचलं.