ज्याचं वर्ष, त्याची फवारणी

भिकाजी मुणगेकर पस्तीस वर्षं गुरांचे सरकारी डॉक्टर होते. लाथा खाल्ल्या, शिंगं चुकवली, चिखलात आडवे पडून वासरं ओढून काढली. पण एकाही म्हशीने त्यांना कधी उलट प्रश्न विचारला नाही. निवृत्त होऊन कुणकेश्वरला परतल्यावर मात्र डोक्याला ताप झाला तो सख्ख्या भावंडांचा.

वडील मुंबईत एका रंगाच्या कंपनीत होते. कंपनीने कामगारांना दिलेले शेअर त्यांनी विकले नाहीत. त्यावर बोनस शेअर मिळत गेले आणि वडील गेले तेव्हा ढीग झाला होता. वारस तिघं: थोरले भिकाजी, मधली सत्यवती आणि धाकटा बाबू. घरच्या आमराईचं जसं ठरलेलं होतं, तसंच शेअरचंही ठरलं. आमराई आळीपाळीने एकेका वर्षी एकेकाची. त्या वर्षीचे आंबे त्याचे. शेअर तीन नावांवर करायची यातायात नको म्हणून दोघांनी सह्या दिल्या आणि सगळे भिकाजींच्या नावावर चढले. ज्याचं वर्ष, त्याला भिकाजी डिव्हिडंड काढून देत.

पूर्वी कंपनीच कर भरून पैसे धाडायची, त्यामुळे हे निर्वेध चाललं. २०२० साली नियम फिरला. डिव्हिडंड ज्याच्या नावावर, त्याच्या उत्पन्नात तो मिळवायचा आणि त्याच्या टप्प्याप्रमाणे कर भरायचा. कंपनी दहा टक्के आधीच कापते, पण तो फक्त आगाऊ हप्ता. पेन्शन आणि ठेवींचं व्याज धरून भिकाजी वीस टक्क्यांच्या टप्प्यात होते. म्हणजे वरचे दहा टक्के त्यांच्या खिशातून. रक्कम लहान होती तोवर त्यांनी निमूट भरली.

मग कंपनीने एका वर्षी खास डिव्हिडंड जाहीर केला, दोन लाख चाळीस हजार. वर्ष सत्यवतीचं. चोवीस हजार कापून उरलेले भिकाजींनी तिला पोचते केले. विवरणपत्र भरायच्या वेळी कणकवलीचे कर सल्लागार म्हणाले, "सेस धरून आणखी पंचवीस हजार नऊशे वीस भरावे लागतील."

"पण पैसे बहिणीने घेतले!"

"डॉक्टर, कंपनीच्या नोंदीत नाव कुणाचं? तुमचं. तुम्ही पुढे कुणाला दिले, ते आयकर खातं विचारत नाही."

जुलैच्या अखेरीस भिकाजी बाबूला घेऊन तारकर्लीला गेले. सत्यवती तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवते. दारातच तिने दोघांना खोलीकडे वळवलं.

"दादा, आधी बाथरूम बघ. टायल्स बघ. गिझर बघ. सगळा डिव्हिडंडातला!"

"बरा झाला. आता त्या डिव्हिडंडाचो टॅक्स दी."

"टॅक्स? तो कापलो मां कंपनीन?"

"अर्धो कापलो गो. अर्धो माझ्या नावार इलो."

"म्हणजे एकाच पैशार दोनदा?"

"दोनदा नाय! एकदाच, पण दोन हप्त्यांनी!"

"मगे पयल्याच हप्त्यात सगळो कित्याक कापणत नाय?"

भिकाजींनी कपाळावर हात मारला. बाबू नवा गिझर चालू-बंद करून बघत होता.

"तुझी पेन्शन मोठी, म्हणून टॅक्स मोठो," सत्यवती म्हणाली. "त्याका मी काय करू?"

हे खरंच होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं. तीन वर्षं पोटात ठेवलेलं भिकाजी बोलून गेले, "मगे वाटणीच करूया. तिघांचे तीन भाग. ज्याचो भाग, त्याचो टॅक्स."

सत्यवतीने पदर डोळ्यांना लावला. "वाटणी! आज शेअर, उद्या आमराई. बाबू, ऐकलंस? दादाक आमी नको झालो."

"ऐकलंय," बाबू म्हणाला. "गिझर मात्र बरो आसा."

भिकाजी परत जायला उठले. पैसे गेले तरी चालतील, पण दर वर्षी हा तमाशा आणि वर पापाचं खापर आपल्याच डोक्यावर, हे त्यांना सहन होईना. चपला घालता घालता ते वळले.

"सत्ये, तुझ्या वर्षाक आमराईची फवारणी कोण करता?"

"मी. आणखी कोण करतलो?"

"झाडा सातबाऱ्यार माझ्या नावान आसत. मगे औषधाचे पैसे माझ्याकडे मागूचे नाय?"

"कित्याक मागू? आंबे मी खातंय तर फवारणी माझीच."

"मगे ही टॅक्साची फवारणी कोणाची?"

 सत्यवतीचा डोळ्यांवरचा पदर खाली आला. मग ती आत गेली आणि पैसे घेऊन बाहेर आली. "ह्या असा आधी सांगूचा मां! दहा टक्के आणि वीस टक्के काय बोलत रवलंस!"

मघापासून तेच सांगतोय, असं भिकाजींच्या ओठावर आलं होतं. त्यांनी नोटा मोजून खिशात घातल्या.

"आणि दादा," सत्यवतीने विचारलं, "माझो भाग माझ्या नावार आसतो तर माका किती लागलो असतो?"

"तुझा उत्पन्न टॅक्साच्या हद्दीत येणाच नाय. कंपनीक तसो फॉर्म दिलंस तर कापूचेय नाय."

"एक पैसो नाय?"

"नाय."

"मगे माझो भाग माझ्या नावार कर! कधी करतलंस?"

भिकाजींनी खांबाला हात टेकला. "अगो, तीच वाटणी मी मघाशी..."

"ती वाटणी नाय. ती फवारणी वाचवणी."

पुढच्याच महिन्यात भिकाजींनी सही करून तिचा तिसरा भाग तिच्या खात्यावर वळवला. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर कर नाही, एवढं एक सुख. बाबूने मात्र आपला भाग भिकाजींच्याच नावावर राहू दिला. तेवढी फॉर्मांची कटकट नको, म्हणाला. उरलेल्या शेअरचं आता दोघांत एकाआड एक वर्ष.

मेमध्ये कंपनीचा नवा आकडा जाहीर झाला. सकाळी सकाळीच बाबूचा फोन.

"दादा, यंदा वर्ष माझा मां? किती येतले?"

भिकाजींनी चहाची कपबशी बाजूला ठेवली.

"आधी फवारणी," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.